वाचण्याआधी नाव विचारावे का? ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहापुढील दोन वाटा

जुनी मासिके, स्थानिक वृत्तपत्रांचे अंक आणि 1867 पूर्वीची दोलामुद्रिते, म्हणजे छपाईच्या आरंभीच्या काळातील पुस्तके, यांचे स्कॅनिंग पूर्ण होत आले, की ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळापुढे एक प्रश्न हमखास येतो. हा संग्रह कोणालाही थेट वाचता यावा, की नाव, मोबाइल क्रमांक आणि ईमेल देऊन नोंदणी करणाऱ्यालाच तो उघडावा? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न तांत्रिक समजून संगणकाचे काम करणाऱ्यावर सोपवला जातो आणि तो आपल्या सवयीने लॉगिनचे पान बसवून मोकळा होतो. माझ्या मते हा निर्णय मंडळानेच घ्यायला हवा, कारण ग्रंथालय कोणासाठी आहे हेच त्यातून ठरते.

आपल्या ग्रंथालयांत या दोन्ही पद्धती पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्रे मांडलेली असतात. कोणीही यावे, बसावे आणि वाचून जावे. देवघेव विभागात मात्र सभासदत्व, वर्गणी आणि अनामत रक्कम लागते, आणि ते रास्तच आहे, कारण तेथून पुस्तक ग्रंथालयाबाहेर जाते आणि ते परत येईपर्यंत दुसऱ्या वाचकाला मिळत नाही. म्हणजे नाव विचारण्याचे कारण वाचन हे नसून उसनवारी हे आहे. पडद्यावरचे पान हजार जणांनी एकाच दिवशी उघडले तरी कपाटातून काहीच कमी होत नाही, म्हणून डिजिटल संग्रहाचे नाते स्वभावतः मुक्तद्वार विभागाशी आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, तेव्हा त्यामागेही वाचकाच्या वाटेतले अडथळे काढण्याचाच विचार होता.

नोंदणीच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे पोकळ नाहीत. देणगीदार आकडे मागतात. आपला वाचक कोण हे कळले तर पुढची खरेदी नीट करता येते. आणि एखाद्याने यंत्राद्वारे सगळा संग्रह एका रात्रीत उतरवून घ्यायचे ठरवले तर सर्व्हर कोलमडतो. यांतील शेवटची अडचण खरी आहे, पण एका ठिकाणाहून होणाऱ्या डाउनलोडवर मर्यादा घातली की ती सुटते. त्यासाठी प्रत्येकाचे नाव लिहून घ्यावे लागत नाही. आकड्यांविषयी म्हणाल, तर कोणते पान किती वेळा उघडले गेले याची मोजणी नावाशिवायही होते. मी ज्या वाचन कक्षात बरीच वर्षे बसलो, तेथे दाराशी सहीची वही असे आणि तिला दोरीने पेन बांधलेले असे. पहिल्या माणसाने ‘वर्तमानपत्र वाचन’ असे कारण लिहिले की खाली पानभर नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा, आणि सह्या अशा की एकही नाव लागू नये. वही भरत असे, पण तिच्यातून वाचकाविषयी काहीच कळत नसे. सक्तीच्या ऑनलाइन नोंदणीतही खोटे ईमेल आणि मनातले क्रमांक असेच भरले जातात.

वाचकाच्या बाजूने पाहिले तर पारडे आणखी झुकते. ओटीपी फक्त भारतीय मोबाइल क्रमांकावर जाणार असेल, तर आपल्या गावचा जुना अंक शोधणारा परदेशातील मराठी माणूस उंबरठ्यावरूनच परत फिरतो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, त्या घरातील बाईला काही वाचायचे असेल तर आधी त्याच्याकडे आकडा मागावा लागतो, म्हणजे काय वाचायचे आहे हेही सांगावे लागते. शिवाय लॉगिनच्या आड ठेवलेला मजकूर शोधयंत्रांना सहसा दिसत नाही. आपल्या आडनावाचा किंवा वाडीचा शोध घेताना एखादा अंक अवचित समोर येण्याची शक्यताच त्यामुळे संपते, आणि एवढ्या खर्चाने केलेले स्कॅनिंग पुन्हा बंद कपाटात जाते.

सर्वांत गंभीर बाब वाचनाच्या नोंदीची आहे. कोणी कोणत्या आजाराविषयी, धर्मांतराविषयी किंवा घटस्फोटाच्या कायद्याविषयी वाचले, ही यादी एकदा तयार झाली की ती सांभाळण्याची जबाबदारीही ग्रंथालयावर येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. दोन कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या तालुक्याच्या वाचनालयाने दहावीच्या मुलांच्या पालकांची संमती कशी पडताळायची? जी माहिती गोळाच केली नाही, ती फुटत नाही.

तरीही काही दारे बंद ठेवावीच लागतात. भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. 1960 मध्ये निधन झालेल्या लेखकाचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2021 पासून मुक्त झाले. अजून स्वामित्वहक्कात असलेली पुस्तके हक्कधारकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरती द्यायची असतील, तर ती उसनवारीच आहे आणि तेथे नोंदणी योग्य आहे. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरही मुक्त ग्रंथ खात्याशिवाय वाचता येतात, उसने घ्यायचे ग्रंथ मात्र खाते काढल्यावरच मिळतात. हयात व्यक्तींचा खासगी तपशील असलेली पत्रे आणि दप्तरेही वेगळी काढावीत.

म्हणून मंडळाने आधी संग्रहाची यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक नगाचे प्रकाशनवर्ष व हक्क तपासावेत. गावच्या जुन्या ग्रंथालयात बराच मोठा भाग मुक्त निघण्याचा संभव आहे, आणि तो थेट उघडावा. एवढे करूनही नोंदणीच ठेवण्याचा ठराव झाला, तर निदान सूची, शोध आणि अनुक्रमणिका सर्वांना खुली ठेवावी, मोबाइल क्रमांक न मागता फक्त ईमेल घ्यावा, आणि वाचनाचा इतिहास आपोआप पुसला जाईल अशी अट संगणकाचे काम घेणाऱ्याच्या करारात लेखी घालावी.