क्रॅनबेरी-डी-मॅनोजच्या पुड्या: पाकिटाची मागची बाजू आधी वाचा

दादरपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये या पुड्या मिळतात. लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्या बायकांना यातली क्रॅनबेरी खरंच उपयोगी पडू शकते. तिच्यातले पीएसी (प्रोअँथोसायनिडिन) हे घटक ई-कोलाय जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. म्हणून पाकिटावर ‘क्रॅनबेरी अर्क ३०० मि.ग्रॅ.’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. दिवसाला ३६ मि.ग्रॅ. पीएसी मिळतं का, ते बघा. तो आकडा छापलेला नसेल तर पुडी परत ठेवा.

डी-मॅनोज या एका प्रकारच्या साखरेसाठी मात्र जास्त पैसे मोजू नका. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रोज २ ग्रॅम, सहा महिने घेऊनही फरक दिसला नाही. क्रॅनबेरीचं गोड सरबत तर नकोच, त्यात साखरच फार.

पुडी ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा मूतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

विरार लोकलचा लांबचा प्रवास, स्टेशनवरची अस्वच्छ शौचालयं, म्हणून पाणीच न पिणं: मुंबईतल्या कितीतरी जणींचं हेच चालतं. कमी पाणी पिणाऱ्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं तर संसर्ग कमी होतात, आणि तो उपाय फुकट आहे.

जळजळ सुरू झाल्यावर पुडीच्या भरवशावर राहू नका, लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू ओळखायची तपासणी, करून घ्या. थंडी-ताप, कंबरेत दुखणं किंवा गरोदरपण असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.