दशावताराच्या उजेडात टीटीआर्टिझन ५० एमएम एफ/१.२ : हंगामभराच्या वापरानंतर

स्वस्तातली मॅन्युअल फोकस लेन्स घ्यायची म्हटली की बहुतेक जण आधी एफपुढचा आकडा बघतात. तो जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो. १.४ पेक्षा १.२ बरी, १.२ पेक्षा ०.९५ बरी. टीटीआर्टिझनची ५० एमएम एफ/१.२ लेन्स हंगामभर वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: आधी तुम्ही किती अंतरावरून फोटो काढता ते ठरवा, त्यावरून फोकल लेन्थ (एमएममधला आकडा; तो जितका मोठा, तितका विषय जवळ दिसतो) ठरवा, मग फोकसची रिंग हाताला कशी लागते ते बघा. आकडा त्यानंतर.

माझं काम कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या जत्रांमधलं. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत कुठे ना कुठे रात्रीचा दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, असतोच. मंडपात एक-दोन हॅलोजन, हल्ली जोडीला लाल-हिरवे एलईडी, आणि एक बाकडं. त्या बाकड्यावर राजा बसला की दरबार, तोच उठून चालू लागला की रान. फ्लॅश मारायचा प्रश्नच येत नाही. रंगपटात, म्हणजे नट रंगून तयार होतात तिथे, स्त्रीभूमिका करणाऱ्या एका ज्येष्ठ नटाने तोंडाला रंग लावता लावता मला सांगितलं होतं, "फोटो काढ, पण डोळ्यार लाईट मारू नको रे." ते योग्यच आहे. रात्रभर पाठांतराशिवाय संवाद रचत उभं राहायचं, त्यात डोळ्यांसमोर काजवे कशाला?

कॅमेरा सोनी ए६४००. सोबत मिळणारी १६-५० किट लेन्स ५० एमएमला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.२ ला तिच्या सुमारे २२ पट प्रकाश आत येतो. मी बहुतेक फोटो एफ/२, १/१०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० च्या आसपास काढतो. तेच किट लेन्सने काढायचे तर आयएसओ १२८०० लागेल, आणि चेहऱ्यावरचा रंग, कपाळावरच्या बारीक रेघा सगळं नॉइजमध्ये, म्हणजे दाणेदारपणात, जाईल. शटर १/१०० ठेवण्याला कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टे दिसायला लागतात. युद्धनृत्याच्या गिरक्या १/१०० ला हलतात हे खरं, पण नट गिरकी संपवून ठाम उभा राहतो तो क्षण छान मिळतो.

आता लेन्सबद्दल. टीटीआर्टिझन ही चीनमधली कंपनी. एपीएस-सी सेन्सरसाठीची (ए६४०० मध्ये असतो तो, फुल फ्रेमपेक्षा लहान) ही ५० एमएम बाजारात आली तेव्हा तिची किंमत ९८ डॉलर होती. आत ७ काचा ५ गटांत, अॅपर्चरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) १० पाती, पुढे ५२ एमएमचा फिल्टर, सगळी बॉडी धातूची, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. मोटर नाही, चिप नाही, कॅमेऱ्याशी बोलणारे संपर्कबिंदू नाहीत. तिची किंमत इतकी खाली येण्यात या गोष्टींचा मोठा वाटा आहे. सोनीवर लावल्यावर मेन्यूत जाऊन 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करावं लागतं, नाहीतर शटरच पडत नाही. फोटोच्या माहितीत अॅपर्चर नोंदलं जात नाही, तेव्हा ज्यांना ती नोंद हवी त्यांनी वही ठेवावी.

एपीएस-सीवर ५० एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ७५ एमएमइतकी चौकट. प्रेक्षकांत पुढच्या रांगेत मांडी घालून बसलं की बाकडं माझ्यापासून साधारण तीन मीटरवर येतं, आणि तिथून कमरेपासून मुकुटापर्यंतचा राजा चौकटीत नीट बसतो. मी ही लेन्स निवडली ती या अंतरासाठी. घरगुती कार्यक्रम, लहान खोल्या, जेवणाच्या पंगती हा ज्यांचा विषय आहे त्यांना ५० अडचणीची होईल. त्यांनी याच कंपनीची ३५ एमएम एफ/१.४ बघावी. ती वजनाला जवळपास निम्मी आहे आणि २८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. ५० ला मात्र किमान अर्धा मीटर अंतर लागतं.

फोकसची खोली, म्हणजे किती अंतराचा पट्टा स्पष्ट येतो, हा खरा मुद्दा आहे, म्हणून गणित मांडतो. ५० एमएम, एफ/१.२, विषय दीड मीटरवर: स्पष्ट पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटरचा. म्हणजे जवळचा डोळा स्पष्ट असला की लांबचा कान गेला. एफ/२ ला तोच पट्टा ७ सेंटिमीटर होतो. तीन मीटरवर एफ/१.२ ला साधारण १७ आणि एफ/२ ला २९ सेंटिमीटर. ३५ एमएम एफ/१.४ ला दीड मीटरवरच १० सेंटिमीटर मिळतात. बोलता बोलता माणूस पुढे-मागे किती डुलतो ते एकदा नीट बघा, मग हे आकडे किती मोलाचे आहेत ते कळेल. मंचावर मी एफ/२ वापरतो ते यासाठी. एफ/१.२ राखून ठेवतो रंगपटासाठी. तिथे नट पत्र्याच्या ट्रंकेशेजारी बसून, एका बल्बच्या उजेडात छोट्या आरशात बघत स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत असतो. हात हलतो, डोकं स्थिर असतं, मागची गर्दी विरघळून जाते. ती चौकट या लेन्सने मला पुन्हा पुन्हा दिली आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी ती परत घेईन.

रिंग मऊ फिरते, कुठे अडत नाही. जवळच्या अंतरात ती बरीच फिरवावी लागते, त्यामुळे नेमकेपणा साधतो. तीन मीटरच्या पुढे मात्र थोड्याशा फिरण्यात खूप अंतर सरकतं, तिथे बोटं हलकी ठेवावी लागतात. माझी पद्धत अशी: फोकस आधीच बाकड्याच्या पुढच्या कडेवर लावून ठेवायचा. नट येऊन बसला की रिंगला हात न लावता स्वतःच इंचभर पुढे-मागे झुकायचं. फोकस पीकिंगचा (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणाऱ्या सोयीचा) रंग पिवळा ठेवा. मंचावर लाल दिवा आणि लाल शेला असताना लाल पीकिंग कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. शिवाय पीकिंग प्रत्यक्षापेक्षा जाड पट्टा दाखवतं, म्हणून एफ/१.२ ला त्याच्यावर विसंबू नका. मॅग्निफाय एखाद्या बटणावर देऊन ठेवा, डोळ्याची पापणी मोठी करून बघा आणि मगच शटर दाबा. दशावतारातलं काळ्या वेषातलं पात्र संकासुर सगळ्यात अवघड. त्याच्या अंगावर पीकिंगला धरायला कडच मिळत नाही. त्याच्या लाल जिभेवर फोकस लावावा, हे अनुभवाने सांगतो.

पूर्ण उघडी असताना मध्यभाग पुरेसा स्पष्ट, कडा मऊ. या किमतीच्या एफ/१.२ मध्ये हे गृहीतच धरायचं. मुकुटाच्या चमकीवर आणि दागिन्यांवर जांभळी किनार दिसते, एफ/२ ला ती बरीच ओसरते, एफ/२.८ ला शोधावी लागते. हॅलोजन थेट चौकटीत आला की कॉन्ट्रास्ट पडतो. चौकटीबाहेरून येणारा उजेड अडवायला ५२ एमएमचा धातूचा हूड मिळतो, फार महाग नसतो, तो घ्याच. अॅपर्चरच्या रिंगला टिकटिक आहे, अंधारात न बघता मोजता येते. व्हिडिओ करणाऱ्यांना मात्र टिकटिक नसलेली रिंग सोयीची, त्यांनी सेव्हनआर्टिझन्सच्या ५५ एमएम एफ/१.४ चा विचार करावा.

जुन्या लेन्सचं काय, असं मला नेहमी विचारलं जातं. सोव्हिएत हेलिओस ४४-२ (५८ एमएम, एफ/२) आजही सुंदर आहे, जर्मन कंपनी कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सवर बेतलेली आहे, मागच्या पानांना घुमवणारी तिची धूसरता नव्या लेन्सना येत नाही. मुंबईत बोरा बाजारात जुनी काच हाताळून घेता येते. पण कोकणात राहणाऱ्याने टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का ते बघितल्याशिवाय जुनी लेन्स घेऊ नये, आमच्या पावसात बुरशी वाढतच जाते. नव्या लेन्सलाही ओलावा रोखणारं सीलिंग नाही. जूनपासून माझी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत असते.

घरात धावणारं मूल हाच मुख्य विषय असेल तर मॅन्युअलच्या वाटेला जाऊ नका. याच कंपनीची ऑटोफोकस ३५ एमएम एफ/१.८ आता परवडणाऱ्या किमतीत आहे. मॅन्युअल घेणार असाल तर पार्सल आल्या दिवशीच दूरच्या डोंगरावर किंवा टॉवरवर फोकस लावून बघा. रिंग टोकाला जाऊनही तो स्पष्ट होत नसेल तर परत पाठवा. मग रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा, मध्येच जड लागते का ते पाहा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत एक रात्र कमी उजेडात काढा.