डमीवर इतकंच जातं : कॅथेटरचं मॉडेल निवडताना

नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबची खरेदी निघाली की कॅथेटरच्या, म्हणजे लघवीची नळी टाकायला शिकवायच्या, डमीपाशी येऊन गाडी हमखास अडते. इंजेक्शनचा हात, सीपीआरचा पुतळा यांवर फारसा वाद होत नाही. इथे मात्र टेबलावर दोन कोटेशनं पडलेली असतात. एक मोठं पेल्व्हिस, म्हणजे कमरेचा भाग, मांड्यांसकट. पुढचा भाग बदलला की स्त्रीचं पुरुषाचं होतं. दुसऱ्यात टेबलावर मावणारी दोन वेगळी मॉडेलं, एक स्त्रीचं, एक पुरुषाचं, वरची बाजू पारदर्शक. मी मोठ्यावर चार वर्षं शिकवलं, छोट्या जोडीवर हे तिसरं चालू आहे. मुलं नर्सिंगची, जीएनएम डिप्लोमाची आणि बीएस्सीची. त्याआधी सहा वर्षं वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून काढली, त्यामुळे माझं माप थोडं वॉर्डातलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या नजरेत मोठंच आवडतं, आणि ते उगाच नाही. पहिल्या वर्षाच्या मुली ट्रे घेऊन उभ्या राहतात तेव्हा नजर ट्रेमधल्या कापसाच्या बोळ्यांवरच खिळलेली असते. मुलगे मागच्या रांगेत एकमेकांना कोपराने ढोसत असतात. समोर मांड्या, गुडघे असलेलं धड असलं की निदान पेशंट आहे असं वागावं लागतं. पडदा ओढा, चादर अंगावर घाला, गुडघे वाकवा, चादरीचं टोक फक्त हवं तेवढंच वर करा. स्त्री पेशंटचं पोझिशन तर मांड्यांशिवाय शिकवणंच अवघड. छोट्या मॉडेलला मांड्या नाहीत. ते टेबलावर ठेवलं की एखादं यंत्र ठेवल्यासारखं दिसतं, आणि मुलं त्याच्याशी यंत्रासारखीच वागतात. “आजी, आता थोडं गार लागेल” हे वाक्य मोठ्या डमीपाशी आपोआप तोंडातून निघतं, छोट्यापाशी म्हणून घ्यावं लागतं.

यावर मी घरचाच उपाय केला. दोन जुने लोड आणले, मॉडेलच्या दोन्ही बाजूंना तिरके ठेवले, वरून चादर. मांड्या झाल्या! दिसायला गमतीदार आहे, पण काम भागतं.

पुरुषाच्या मॉडेलचंही तसंच. मोठ्या डमीला मागेपुढे सरकणारी कातडी होती. कॅथेटर टाकून झाल्यावर ती आठवणीने पुन्हा खाली ओढायची, नाहीतर मागेच अडकून सूज येते आणि पेशंटला रात्री नवीनच दुखणं, ही गोष्ट तिच्यावर छान शिकवता येई. माझ्या छोट्या मॉडेलला ती नाही. हातमोज्याचं एक बोट कापून चढवतो. दर बॅचला एक बोट जातं.

आता मोठं का सोडलं ते सांगतो. कारण एकच आहे आणि ऐकायला किरकोळ वाटेल. कॅथेटर पूर्ण आत जात नव्हतं.

वॉर्डात काम केलेल्यांना हे सांगायला नको, पण मुद्दा त्यावरच उभा आहे म्हणून लिहितो. फोलीज म्हणजे फुग्याचं कॅथेटर; मूत्राशयात गेल्यावर फुगा पाण्याने फुगवला की ते निसटत नाही. त्याचं भोक टोकाशी असतं आणि फुगा त्याच्या मागे. त्यामुळे टोक मूत्राशयात शिरलं की लघवी यायला लागते, पण त्या क्षणी फुगा अजून मूत्रमार्गातच असतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. लघवी आली की आणखी ५ सेंटिमीटर आत सरकवलं की झालं. पुरुषाचा १८ ते २० सेंटिमीटर, वाटेत वळणं, वर प्रोस्टेटची मिठी. तिथे नियम एकच : कॅथेटरच्या मागच्या फाट्यापर्यंत, म्हणजे वायपर्यंत आत, मगच फुगा. लघवी आली म्हणून तिथेच थांबून फुगा फुगवला तर तो मूत्रमार्गात फुगतो, आणि मग रक्त, फाटलेलं अस्तर आणि पुढे कधीतरी स्ट्रिक्चर, म्हणजे मार्गच आकसणं.

आमच्या मोठ्या डमीत मूत्राशयाची टाकी लहान होती आणि पुरुषाचा भाग लावला की तिची मागची भिंत फार लवकर यायची. पाणी दिसेपर्यंत सगळं झकास. त्यापुढे कॅथेटर टाकीला टेकायचं आणि वळायला लागायचं. मुलं दोन-तीनदा ढकलून बघत, मग तिथेच फुगा फुगवत. फुगा टाकीच्या तोंडाशी कसाबसा बसे, ओढलं तर अडके. लॉगबुकमध्ये सही व्हायची. मला ते दिसत होतं, नाही असं नाही. डमी आहे, चालायचंच, असं म्हणून मी सोडून देत होतो.

चौथ्या वर्षाच्या शेवटी एका वॉर्डात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर कॅथेटर टाकत होती. पेशंट सत्तरीचे आजोबा, लघवी तुंबलेली. मुलगी हुशार, हात स्वच्छ. बधिर करणारी झायलोकेन जेली सोडून घड्याळ बघत तीन मिनिटं थांबली, तेव्हाच मी मनात शाबासकी दिली होती. १६ नंबरचं, नारिंगी टोपीचं फोलीज. किडनी ट्रेमध्ये लघवीची धार लागली, आजोबांनी हुश्श केलं, आणि तिने डाव्या हाताने कॅथेटर आहे तिथे धरून उजव्या हाताने सिरिंज लावली. मी बोलेपर्यंत दोन एमएल गेले होते. आजोबांनी कॉटची कड धरली आणि “आई आई गं” केलं. “थांब. पाणी परत ओढ.” तिने ओढलं. कॅथेटर वायपर्यंत सरकवलं, मग १० एमएल पाणी घातलं. आजोबांना कळलंसुद्धा नाही. नशीब, रक्त आलं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तिथेच का थांबलीस? रडवेली होऊन म्हणाली, “सर, डमीवर इतकंच जातं.”

दुसऱ्या दिवशी लॅब उघडून मी स्वतः मोठ्या डमीत फोलीज घातलं, जिथे अडलं तिथे चिकटपट्टीची खूण केली आणि बाहेर काढून बघितलं. वायपासून चार बोटं बाहेर राहत होतं. फळ्यावर मी दरवर्षी लिहीत होतो : वायपर्यंत आत, मगच फुगा. आणि लगेच मागे वळून जिथे ते करताच येत नाही अशा डमीवर करून दाखवत होतो.

सगळ्याच कंपन्यांची मोठी मॉडेलं अशी असतील असं मी म्हणणार नाही. एका परिचितांकडे वेगळ्या बनावटीचं मोठं पेल्व्हिस आहे, त्यात कॅथेटर नीट जातं आणि ते त्यावर खूश आहेत. पण त्यात टाकी बंद आहे, आत काय चाललंय ते दिसत नाही. माझ्या छोट्या जोडीत वरून दिसतं, आणि मला वाटतं सगळा फरक तिथेच पडतो. मी मुलांना आधी मुद्दाम चुकायला लावतो. पाणी आलं, थांबा, आता वरून बघा फुगा कुठे आहे. एकेक डोकं पुढे येऊन वाकतं. फुगा नळीतच असतो. मग वायपर्यंत सरकवायचं, पुन्हा बघायचं, फुगवायचं, हलकेच ओढून मूत्राशयाच्या तळाशी टेकवायचं. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की मला फळ्यावर लिहावं लागत नाही. तिसऱ्या फेरीला मी वरून रुमाल टाकतो, कारण पेशंट काही पारदर्शक नसतो.

बाकीच्या गोष्टीत दोघांत उन्नीस-बीस. सुटे भाग बदलणाऱ्या डमीचा सांधा गळतो, हे खरंय. चाळीस मिनिटांच्या तासात स्त्रीचा पुरुष करायला दहा मिनिटं आणि मग फरशी पुसायला एक मुलगा. पण छोट्यांचे व्हॉल्व्हही गळतात. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्याचे क्षार व्हॉल्व्हमध्ये बसतात. आता डिस्टिल्ड वॉटर वापरतो. पावसाळ्यात दोन्हींना बुरशी धरते, टाकी रिकामी करून उघडी वाळवली नाही तर वास येतो. बीटाडीन दोन्हींवर नको, डाग जात नाही; साध्या पाण्याचे बोळे द्या आणि रंग मनातल्या मनात समजून घ्यायला सांगा. झायलोकेन जेलीही वाळून आत चिकटते, म्हणून मी साबणाचं पाणी देतो. पण जेलीनंतर थांबायची ती तीन मिनिटं मात्र घड्याळ लावून थांबवतो, नाहीतर वॉर्डात कुणी थांबत नाही.

एका गोष्टीत दोन्ही सारखीच नापास. स्त्रीच्या मॉडेलमध्ये मूत्रमार्गाचं तोंड शोधावं लागत नाही, ते समोरच असतं, आणि वर्षभराच्या वापराने आणखी मोठं होतं. खऱ्या पेशंटला, विशेषतः वयस्कर बाईला, ते आत ओढलेलं असतं, रात्रपाळीच्या बल्बखाली तर विचारूच नका. मी तरी दोन्ही मॉडेलवर एक खेळ करून घेतो : कॅथेटर चुकून योनिमार्गात गेलं असं धरायचं, ते काढायचं नाही, खूण म्हणून तिथेच ठेवायचं आणि दुसरं नवं घेऊन त्याच्या वर टाकायचं. ट्रेमध्ये दुसरं फोलीज ठेवलेलंच नसतं, हे मुलांना तेव्हा कळतं.

बॅच मोठी असेल तर दोन मॉडेलं म्हणजे दोन टेबलं, आणि परीक्षेच्या दिवशी दोन स्टेशनं एका वेळी चालतात. आमच्याकडे दोन्हींच्या किमतीची बेरीज मोठ्याच्या आसपासच आली होती. तुमच्या कोटेशनमध्ये वेगळं निघू शकतं. जागा कमी असेल, किंवा एकाच डमीवर एनिमा, बेडपॅन, ड्रेसिंग सगळंच शिकवायचं असेल, तर मोठ्याचा विचार जरूर करा. आमचं मोठं अजून आहे. त्याच्यावर कॅथेटर केअर शिकवतो, युरोबॅग, म्हणजे लघवी जमा होणारी पिशवी, कॉटच्या खाली पण जमिनीला न टेकता कशी लटकवायची ते दाखवतो. तिथे कॅथेटर आधीच टाकून ठेवलेलं असतं, चार बोटं बाहेर.

कोणतंही घेणार असाल तरी डेमोला विक्रेता येईल तेव्हा त्याचं कॅथेटर वापरू नका, ते मऊ आणि सरावलेलं असतं. स्टोअरमधून १६ नंबरचं कोरं फोलीज आणून ठेवा. पुरुषाच्या भागात स्वतःच्या हाताने घाला, पाणी आलं की थांबू नका. वाय टेकला तर पुढचं बोलणं करा.