बीबीए आयबी घ्यावं की बीकॉम? एक्सपोर्टच्या लाईनमध्ये यायचं असेल तर

पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत जे बीबीए आयबी (इंटरनॅशनल बिझनेस) चालतं ते म्हणजे जुनं बीबीएम आयबी, नाव बदललंय एवढंच. त्याच्यासमोर घरात पर्याय निघतो तो बहुतेक वेळा बीकॉमचा, म्हणून मीपण या दोघांचंच बोलतो. आमचं काम एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचं, ऑफिसात दोन्हीकडची पोरं येतात आणि कोण कुठे अडकतं ते रोज दिसतं.

आधी फी आणि ॲडमिशनचं उरकतो. बीकॉमला अनुदानित तुकडीत सीट मिळाली तर वर्षाचं काम काही हजारांत भागतं. बीबीए आयबी बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, त्यामुळे फी कैक पट, खाजगी युनिव्हर्सिटीत तर सरळ लाखांत. शिवाय 2024 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे सगळं एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) खाली गेलं आणि सीईटी लागली. पहिल्या वर्षी कित्येकांना परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं, मग जागा रिकाम्या राहतायत म्हणून ऑगस्टमध्ये परत एक सीईटी घ्यावी लागली, आणि मुंबईतल्या काही कॉलेजांनी तर बीएमएसचं नावच बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं, म्हणजे सीईटीची कटकटच नको. त्यामुळे माहितीपत्रकावर काहीही छापलेलं असू दे, डिग्रीवर नेमकं काय नाव येणार ते ऑफिसात विचारून घ्या.

आता खरा मुद्दा. समजा नाशिकच्या द्राक्षांचा एक रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर न्हावा शेवावरून रॉटरडॅमला निघालाय, सौदा सीआयएफ रॉटरडॅम, म्हणजे किमतीतच रॉटरडॅमपर्यंतचं भाडं आणि इन्शुरन्स आलं. वाटेत कूलिंग बंद पडलं आणि माल सडून गेला. नुकसान कोणाचं? बीकॉमवालं पोरगं हमखास सांगतं की विकणाऱ्याचं, कारण भाडं त्याने भरलंय, इन्शुरन्स त्याने काढलाय, आणि माल पोचलेलाच नाही. ऐकायला बरोबर वाटतं पण तसं नाहीये, सीआयएफमध्ये पैसे रॉटरडॅमपर्यंतचे भरायचे असले तरी जोखीम एफओबीसारखीच (त्यात विकणारा जहाजावर चढवेपर्यंतचाच खर्च करतो) न्हावा शेवाला माल जहाजावर चढला की खरेदीदाराकडे जाते, आणि क्लेमही मग त्यानेच करायचा. आयबीवाल्याला हे माहीत असतं, इन्कोटर्म्स 2020 (सौद्यात खर्च आणि जोखीम कोणाची ते ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) मधल्या 11 टर्म्स त्याने घोकलेल्या असतात. एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्स नंबर), आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड), फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हे शब्द त्याला पहिल्या दिवशी समजावून सांगावे लागत नाहीत, आणि नवीन माणूस शिकवणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

पण त्याच शिपमेंटचे पैसे आणि टॅक्स आले की चित्र उलटं होतं. एक्सपोर्ट झीरो रेटेड असतं, म्हणजे एकतर एलयूटी (हमीपत्र) देऊन टॅक्स न भरता माल पाठवा नाहीतर आयजीएसटी भरून रिफंड घ्या. रिफंडचा रस्ता घेतला आणि जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न) मधला इनव्हॉइस नंबर शिपिंग बिलातल्या (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदातल्या) नंबरशी जुळला नाही की एसबी005 एरर येऊन पैसे अडकतात, मग मालक दर दोन तासांनी फोन करतो. बीकॉमचं पोरगं, त्यात कुठल्या सीएकडे थोडंफार काम केलेलं असेल तर, ही चूक बसल्या बसल्या शोधतं. आयबीवाल्याला ग्लोबल मार्केटिंगची स्ट्रॅटेजी विचारा, छान पीपीटी करून देईल, पण लेजर उघडला की चेहरा पडतो. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं होतं.

एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असले की पैसे द्यायची बँकेची हमी) बाबतीत मात्र दोघंही कच्चे. बांगलादेशला सूत जातंय, एलसीत मालाचं वर्णन "100% कॉम्बड कॉटन यार्न" आणि आपल्या इनव्हॉइसवर नुसतं "कॉटन यार्न", एवढ्यावरून बँक डिस्क्रेपन्सी (तफावत) काढते. यूसीपी 600 (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त 5 बँकिंग दिवस असतात, आणि आपण कागद शिपमेंटनंतर 21 दिवसांत दिले पाहिजेत, एलसीतच वेगळी मुदत दिली असेल तर ती. आयबीच्या पोराने यावर परीक्षेत मोठं उत्तर लिहिलेलं असतं पण एलसी समोर ठेवून एकेक ओळ बोट ठेवून जुळवायला बसवलं की दोघांना सारखाच वेळ लागतो. तसंच धोरणाचं. कांद्यावर डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली तर टनाला 550 डॉलर किमान दर आणि वर 40 टक्के ड्युटी, शेवटी एप्रिल 2025 पासून ड्युटी गेली. डीजीएफटीचं (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याचं) नोटिफिकेशन आलं की त्याच संध्याकाळी आपला कंटेनर त्यात अडकतो की सुटतो हे बघायची सवय कुठल्याच सिलॅबसमधून लागत नाही.

एक गोष्ट लोक हिशोबात धरतच नाहीत, ती म्हणजे वेळ. बीकॉमचं कॉलेज बऱ्याच ठिकाणी सकाळचं, दुपार मोकळी. त्या दुपारी रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्समुलर भवनला भाषा करा (जपानीची नुसती एन5, म्हणजे सगळ्यात खालची पातळी, करून थांबू नका, तिचा इथे काही उपयोग नाही) किंवा सरळ एखाद्या सीएचएच्या (कस्टम्सची कामं करून देणारा एजंट, म्हणजेच कस्टम ब्रोकर) ऑफिसात चिकटा. जी कार्ड (ब्रोकरकडच्या माणसाचं कस्टम्सचं ओळखपत्र) काढून दोन वर्षं काम झालं आणि ग्रॅज्युएशन हातात असलं की कस्टम ब्रोकरच्या परीक्षेला बसता येतं, आणि ते लायसन्स म्हणजे स्वतःचा धंदा. बीबीए आयबीत अटेंडन्स, प्रेझेंटेशन, प्रोजेक्ट यात दिवस जातो. बदल्यात इंग्लिश सुटतं, माणूस फॉरिनच्या पार्टीशी बोलायला घाबरत नाही, बऱ्याच कॉलेजांत भाषाही त्यातच मिळते. बायरशी ईमेलवर घासाघीस करायला मला विचाराल तर आयबीचंच पोरगं बरं.

घरचा माल असेल, द्राक्ष, डाळिंब, फाउंड्री, काहीही, आणि मुलाला हिशोबाचा कंटाळा असेल तर आयबी घ्या, अकाउंट्सला माणूस ठेवता येतो. सीए, सीएस डोक्यात असेल तर प्रश्नच नाही, बीकॉम. कर्ज काढून आयबी करायचं असेल तर मी तरी नको म्हणेन, कारण सुरुवातीचा पगार आमच्याकडे दोघांना सारखाच असतो. आणि पुढे एमबीए आयबीच करायचंय म्हणून आत्तापासून आयबी, हे तर मला कधीच पटलेलं नाही, आयआयएफटी (एमबीए आयबीची नावाजलेली सरकारी संस्था) कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट कॅट परीक्षेवरून घेते, तेच विषय दोनदा कशाला शिकायचे.

आयबीच ठरलं तर ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा. एक, एक्झिम (आयात-निर्यात) शिकवणाऱ्यांपैकी कोणी प्रत्यक्ष शिपिंग बिल फाइल केलंय का. दोन, मागच्या बॅचची इंटर्नशिप कुठे झाली, कंपन्यांची नावं सांगा. काकांच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेलं सर्टिफिकेट चालवून घेणारी कॉलेजं आहेत, आणि फी त्यांचीही तेवढीच असते.