चौदा महिने, दहा नाणी आणि डबीवरचा आकडा: ग्रेडिंग सेवेचा अनुभव

गेल्या चौदा महिन्यांत मी माझ्या संग्रहातली दहा नाणी तीन खेपांमध्ये एका व्यावसायिक ग्रेडिंग सेवेकडे पाठवली. त्यांपैकी एक नाणे दोनदा पाठवले. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी या व्यवसायातल्या कोणत्याही सेवेला लागू पडतात आणि उरलेल्या तक्रारी माझ्या एकटीच्या आहेत. पाठवलेल्या नाण्यांत सहा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर), दोन सॉव्हरिन (ब्रिटनची सोन्याची नाणी), एक मारिया थेरेसा थेलर (ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीच्या नावाचे चांदीचे नाणे) आणि एक अमेरिकेचा तांब्याचा सेंट होता. प्रत्येक नाणे पाकिटात घालण्यापूर्वी मी ते दिव्याखाली भिंगाने पाहून त्याला माझ्या मते किती आकडा मिळेल हे वहीत लिहून ठेवले होते. हा अनुभव लिहिताना त्या वहीचा फार उपयोग झाला.

पद्धत थोडक्यात अशी. एकाहून अधिक परीक्षक नाणे स्वतंत्रपणे पाहतात, ते खरे आहे की नाही हे ठरवतात, १ ते ७० या मापावर त्याला श्रेणी देतात आणि मग ते कडक प्लॅस्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, लेबलासह परत येते. ६० ते ७० हे आकडे चलनात न आलेल्या नाण्यांसाठी राखलेले असतात आणि ५८ म्हणजे फक्त उठावाच्या सर्वांत उंच भागांवर नाममात्र झीज. नवख्या माणसाला ५८ पेक्षा ६० सरस वाटणे साहजिक आहे, परंतु ६० चे नाणे न झिजताही ओरखड्यांनी भरलेले असू शकते आणि ५८ चे नाणे त्याच्यापेक्षा कितीतरी देखणे निघते.

या आकड्यांचा जन्म कसा झाला हे मला पहिली खेप पाठवल्यानंतर कळले; आधी कळले असते तर मी थोडी कमी भारावले असते. अमेरिकी नाणे-अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी हे माप १९४९ मध्ये १७९३ ते १८१४ या काळातल्या अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंट नाण्यांपुरते मांडले होते, आणि त्यामागची कल्पना सरळ किमतीची होती: जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ धरले, तर ७० चे नाणे त्याच्या सत्तरपट किमतीचे असावे. बाजाराने हे गणित फार काळ पाळले नाही, पण आकडे मात्र राहिले आणि पुढे सर्व प्रकारच्या नाण्यांना लावले गेले. म्हणजे आज आपण ज्याला नाण्याच्या अवस्थेचे वर्णन समजतो, ते मुळात किंमत सांगण्याचे सूत्र होते. लेबलावर ६५ दिसताच डोळ्यांपुढे आधी रक्कम उभी राहते आणि नंतर नाणे, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

पहिल्या खेपेत चार मॉर्गन डॉलर आणि तो सेंट गेला. चारांपैकी ज्या नाण्यासाठी मी सर्वांत जास्त पैसे मोजले होते, ते पांढरेशुभ्र, लखलखीत नाणे आकड्याविनाच परत आले. लेबलावर फक्त ते चलनात न आलेले असल्याचा आणि साफ केलेले असल्याचा उल्लेख होता; घासून साफ केल्याने मूळ पृष्ठभाग बिघडतो, म्हणून अशा नाण्याला आकडा दिला जात नाही. दोन दिवस मला राग आला. तिसऱ्या दिवशी ते दिव्याखाली हळूहळू फिरवून पाहिले, तेव्हा एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा स्पष्ट दिसल्या. मूळ झळाळी असलेले नाणे फिरवले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्याच्याबरोबर फिरतात. या नाण्यावर प्रकाश नुसता सपाट पसरत होता. त्या रेषा मी विकत घेतानाही पाहिल्या होत्या, फक्त तेव्हा मी त्यांना झळाळी म्हणत होते. संपूर्ण चौदा महिन्यांत सेवेने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि तिच्यासाठी दिलेले शुल्क मला जराही जड वाटले नाही.

दुसरा प्रसंग याच्या उलट दिशेचा आहे. काठाला सोनेरी-तपकिरी छटा चढलेल्या एका मॉर्गन डॉलरला मी वहीत ६५ दिले होते. त्याला ६३ मिळाले. हे नाणे माझे सर्वांत आवडते होते, पण त्या दिवसापासून मी ते कपाटातून कमी वेळा काढू लागले, आणि काढले की नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरच्या दोन खुणांकडेच नजर जाई. या खुणा पूर्वीही होत्याच. मॉर्गन डॉलर हजार-हजारांच्या पोत्यांत भरून वर्षानुवर्षे तिजोऱ्यांत पडून होते; २६.७३ ग्रॅमची ही जड नाणी एकमेकांवर आदळली की अशा खुणा पडायच्याच. तिसऱ्या खेपेच्या वेळी मी पकडीने डबी फोडली, नाणे बाहेर काढले आणि कोणताही खुलासा न करता पुन्हा पाठवले. या वेळी ६४ आले. नाण्याला या दरम्यान काहीही झालेले नव्हते. तरीही ज्या संग्राहक मित्रांनी ६३ च्या डबीत ते पाहून नुसती मान डोलावली होती, त्यांपैकी दोघांनी ६४ च्या डबीत ते हातात घेऊन छटेचे कौतुक केले, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मलाही ते पुन्हा सुंदर दिसू लागले. परीक्षकांनी चूक केली असे मी म्हणणार नाही, कारण ६३ आणि ६४ यांच्या सीमेवरचे नाणे एका दिवशी अलीकडे आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे पडू शकते. अडचण अशी की बाजार या सीमेला भिंतीसारखी वागवतो.

डबी फोडून पुन्हा पाठवण्याचा हा उद्योग या छंदात सर्रास चालतो आणि त्याचा एक दुष्परिणाम सहसा सांगितला जात नाही. कोणत्या श्रेणीत किती नाणी आढळली याचे तक्ते ग्रेडिंग सेवा प्रसिद्ध करतात आणि विक्रेते त्यांच्या आधारे ‘या श्रेणीत फक्त इतकीच’ असे सांगतात. फोडलेल्या डबीचे लेबल परत केले नाही, तर तेच नाणे तक्त्यात दोनदा, कधी पाच वेळाही मोजले जाते. शिवाय नवी नाणी तपासली जातात तसतसे हे आकडे वाढतच जातात. आज सर्वोच्च श्रेणीत तीनच नाणी असली, म्हणून काही वर्षांनीही तीनच राहतील असे मानता येत नाही. मी ६३ चे जुने लेबल तिसऱ्या खेपेसोबत परत पाठवले होते.

पहिल्यांदा मिळालेल्या आकड्यांचा वहीशी ताळा केला, तो असा: आकडा मिळालेल्या नऊ नाण्यांपैकी चारांत माझा अंदाज तंतोतंत जुळला, तीन एका अंकाने कमी आले, एक दोन अंकांनी कमी आणि एक एका अंकाने जास्त. म्हणजे आपल्याच मालमत्तेकडे पाहताना डोळा थोडा उदार होतो, आणि अनोळखी माणसाचे मत विकत घेण्याचे एवढे कारण मला पुरते.

मात्र हे मत सर्व नाण्यांवर सारखे काम करत नाही. १९३३ चा वीस डॉलरचा सोन्याचा डबल ईगल २०२१ मध्ये १ कोटी ८८ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. त्याची श्रेणी ६५ होती, पण ती ६४ असती म्हणून खरेदीदार माघारी गेला असता असे मला वाटत नाही, कारण खाजगी मालकीत कायदेशीरपणे ठेवता येणारे ते एवढेच नाणे मानले जात होते. जे नाणे हजारोंनी उपलब्ध आहे, तिथेच एका अंकाला सर्वाधिक वजन येते. सामान्य सालाचा मॉर्गन डॉलर कोणालाही मिळतो. मग माझा आणि तुमचा वेगळा ठरवायला आकड्याशिवाय दुसरे उरतेच काय?

सॉव्हरिनच्या बाबतीत मी शुल्क वाया घालवले. ७.९८ ग्रॅम वजनाचे हे २२ कॅरटचे नाणे सामान्य सालाचे असेल, तर त्याची किंमत बहुतांशी सोन्यावरच ठरते. सॉव्हरिनच्या नकला भरपूर आहेत, त्यामुळे खरेपणाची खात्री झाली हा लाभ मान्य करते, पण माझी दोन्ही नाणी मी वजन आणि व्यास घरीच मोजून विश्वासू व्यक्तीकडून घेतलेली होती. थेलरची गंमत निराळी. मारिया थेरेसाचे निधन १७८० मध्ये झाले आणि तेच साल कोरलेली ही नाणी त्यानंतर अनेक टांकसाळींत आणि थेट विसाव्या शतकापर्यंत पाडली गेली. माझे नाणे उत्तरकालीन आहे आणि लेबलावर तसे प्रामाणिकपणे लिहिलेही आहे. तरीही पाहणाऱ्याची नजर आधी १७८० वर, मग ६६ वर पडते आणि ‘एवढे जुने आणि इतके नवेकोरे!’ हा उद्गार ठरलेला. सेंटबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तांब्याला आकड्याबरोबर तपकिरी, लाल-तपकिरी किंवा लाल असा रंगही नोंदवला जातो, आणि माझा मधला निघाला.

तक्रारी दोनच. दुसऱ्या खेपेला सांगितलेल्या मुदतीच्या जवळपास दुप्पट वेळ लागला आणि विचारणा केल्यावर छापील उत्तरे आली. एका डबीत नाण्यालगत बारीक धागा अडकलेला आहे, जो भिंगातून नाण्यापेक्षा आधी दिसतो. खरेदी करणाऱ्यांना एवढे सांगते की बनावट डब्याही बाजारात फिरतात आणि त्यांवरचे क्रमांक खऱ्या नाण्यांचे उचललेले असू शकतात. म्हणून क्रमांक सापडला एवढ्यावर न थांबता सेवेच्या नोंदीतले छायाचित्र समोरच्या नाण्यावरच्या खुणांशी जुळवून पाहावे.

पाचपैकी मी साडेतीन देते. यापुढे फक्त खरेपणाची शंका असलेले किंवा एका अंकाने किमतीत मोठी तफावत पडणारे नाणे पाठवीन. साफ केलेला तो डॉलर मात्र मी डबीतून सोडवला आहे. तो टेबलावर उघडाच असतो, आणि नव्याने छंदाला लागलेले कोणी आले की मी त्याच्या हातात तो देते, दिवा लावते आणि न बोलता फिरवून बघायला सांगते.