आधी पाणी, मग हायड्रोमीटर

लाइट गेल्यावर चार तास चालणारा इन्व्हर्टर वीस मिनिटांत बीप मारून बंद पडायला लागतो आणि मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, बॅटरीची सहा बुचं उघडतो, "पाणी बघा किती खाली गेलंय" म्हणत डिस्टिल्ड वॉटर ओततो आणि लगेच हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी, आत तरंगता फ्लोट असलेली काचेची नळी) बुडवतो. आतला फ्लोट खाली बसतो, द्रवाची पातळी लाल पट्ट्यावर. दुसऱ्या सेलला तेच, तिसऱ्यालाही तेच. "सगळे सेल गेले, बॅटरी मेली." नवी बॅटरी येते, जुनी त्याच्याच गाडीत चढते.

हायड्रोमीटर यात खोटं बोलत नाही, म्हणूनच ही फसवणूक पचते. पाणी ॲसिडपेक्षा हलकं. नुकतं ओतलेलं पाणी वरच राहतं आणि हायड्रोमीटर वरचाच द्रव ओढतो. चार्जिंगच्या शेवटी बुडबुडे येऊन ढवळलं गेल्याशिवाय ते नीट मिसळत नाही. त्यात बॅटरी आधीच उतरलेली असेल तर चांगल्या बॅटरीचीही ग्रॅव्हिटी (द्रवाची घनता, पाण्याची १०००) अकराशे-साडेअकराशेच दिसणार. पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या) बॅटरीत ती साधारण १२४० असते. आणखी एक खूण: सहाही सेल एकदम आणि सारखेच सहसा मरत नाहीत. खरोखर बिघडलेल्या बॅटरीत बहुधा पाच सेल १२२०-१२३० दाखवतात आणि एक ११५० वर अडकतो. सहाही सारखेच लाल असतील तर बॅटरी बहुतेक उपाशी आहे, मेलेली नाही.

मग ती उपाशी का राहिली? लाइट असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन पोस्टवर (वर आलेल्या शिशाच्या खुंट्यांवर) लावा. चार्जिंग चालू असेल तर आकडा १३ च्या वर जाऊन हळूहळू १४ च्या आसपास चढतो. तो १२ च्या आसपासच रेंगाळला तर चार्जिंगच होत नाहीये. इन्व्हर्टरच्या मागे मेन्सचा फ्यूज किंवा बाहेर आलेलं रीसेटचं काळं बटण असतं, ते आधी बघा. नवी बॅटरी बसवताना हाच फ्यूज गुपचूप बदलला जातो आणि श्रेय नव्या बॅटरीला मिळतं.

दुसरं कारण त्याहून क्षुल्लक आणि त्यावरची कमाई त्याहून मोठी. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचलेली असते. ४०० वॉटच्या लोडला १२ व्होल्टची बॅटरी सुमारे ४० अँपिअर देते. त्या सांध्यात नुसता ०.०३ ओहमचा अडथळा असला तरी १.२ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बॅटरी ११.६ व्होल्ट देत असते, इन्व्हर्टरपर्यंत १०.४ पोचतात आणि साधारण १०.५ ला तो लो बॅटरी म्हणून बंद होतो. मेकॅनिक मीटर केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) लावतो आणि पडलेला आकडा दाखवतो. तुम्ही त्याला शिशाच्या पोस्टवरच टोक टेकवायला सांगा. लोड चालू ठेवून एक टोक पोस्टवर, दुसरं त्याच पोस्टच्या लगवर लावलं की सांधा किती खातोय ते थेट दिसतं. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधा साफ करायचा. इन्व्हर्टर आणि मेन्स दोन्ही बंद, आधी निगेटिव्ह सोडायचा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसायचं (बुचं घट्ट लावून, थेंबही आत जाता कामा नये), सँडपेपर मारून घट्ट आवळायचं आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून आवळणारे बरेच भेटतात. ते उलटं काम.

बॅटरीचा निकाल लावायचाच असेल तर अख्खा दिवस द्या. पाणी घालून पूर्ण चार्ज, १५० एएचला (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) बारा ते पंधरा तास. मग सुटी करून दोन-तीन तास विश्रांती, तेव्हा १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. चार्जिंग काढल्या काढल्या दिसणारे १३ आणि काही हा नुसता वरवरचा फुगवटा असतो. नंतर २०० वॉटचा लोड, म्हणजे अंदाजे २० अँपिअर, आणि घड्याळ. नवी १५० एएच यावर पाच-सहा तास काढते. जुनी अडीच-तीन तास टिकली तर अजून दिवस काढता येतात. अर्ध्या तासात झोपली तर मात्र मेकॅनिक खरं बोलत होता.

बदली म्हणून येणाऱ्या "नव्या" बॅटरीची वेगळीच गोष्ट. जुन्या बॅटरीला धुऊन, नवं स्टिकर लावून, आत कडक ॲसिड भरलं जातं. ग्रॅव्हिटी १२८० दिसते, फ्लोट झकास वर, सगळं हिरवं. पण सल्फेट चढलेल्या प्लेटांना ॲसिडने जीव येत नाही, उलट त्या लवकर खाल्ल्या जातात. इथे हायड्रोमीटर निरुपयोगी आहे, डोळे वापरा. पोस्टच्या शिशावर जुन्या लगने पडलेल्या खाचा, बुचांच्या कडेला पान्याचे किंवा स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, डब्यावर कोरलेला कोड आणि स्टिकरवरची तारीख यांचा न जुळणारा मेळ. उंच ट्युब्युलर १५० एएच ॲसिडसकट ५० किलोच्या पुढे भरते. एकट्याने सहज उचलून आणली तर आत शिसं किती आहे याचा विचार करा. आणि १५० हा आकडा २० तासांच्या हिशोबाचा असतो, ७.५ अँपिअरने. विकणारा १५० गुणिले १२ करून ४०० वॉटला साडेचार तास सांगतो, हाती अडीच-तीन येतात.

मेकॅनिक "इन्व्हर्टर वर्कशॉपला नेतो" म्हणाला तर आधी एक बघा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये चार्जिंग आणि बॅकअप एकाच ट्रान्सफॉर्मरमधून होतं. चार्जिंग व्यवस्थित चाललंय आणि मेकॅनिक ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणतोय, हे टिकत नाही. आतल्या सर्किट बोर्डावरचे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे तीन पायांचे ट्रान्झिस्टर) उडाले असतील तर नेण्यापूर्वी झाकण काढून बोर्डाचा फोटो काढा आणि उडालेले मॉसफेट परत मागा. ते खरंच जळालेले असतील तर पायांवर मीटर लावून बहुधा शॉर्ट दिसतात. जुना बोर्डच परत न येण्याचं कारण बहुधा हे असतं की तो दुरुस्त होऊन दुसऱ्याच्या इन्व्हर्टरमध्ये बसलेला असतो.