सुवार्ता उत्पत्तीपासून सांगावी की वधस्तंभापासून?

सुवार्ता, म्हणजे येशूबद्दलचा शुभसंदेश, सांगायची ठरवली की पहिला अडसर सुरुवातीचाच येतो. देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली इथून, म्हणजे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकापासून बोलायला लागावं, की येशू मेला आणि उठला इथून? दोन्ही पक्ष पवित्र शास्त्राचा दाखला देतात. पंचाईत अशी की दोघांचेही दाखले बरोबर आहेत.

नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून पाहा. दुसऱ्या अध्यायात पेत्र यरुशलेमेत बोलतो. योएल संदेष्टा, दाविदाची स्तोत्रं आणि तुम्ही मारलेल्या येशूला देवाने उठवलं ही घोषणा, एवढ्यावर त्याचं भाषण उभं आहे. जग कोणी केलं याबद्दल चकार शब्द नाही, कारण समोरच्या यहुद्यांना ते पाठच होतं. चौदाव्या अध्यायात मात्र लुस्त्रातले लोक पौल आणि बर्णबा यांनाच देव समजून बळी द्यायला बैल घेऊन येतात. तिथे पौल ना अब्राहामाचं नाव काढतो, ना मोशेचं. आकाश, भूमी, समुद्र निर्माण करणारा आणि पाऊस व पिकांचे हंगाम देणारा जिवंत देव, इथून तो बोलतो. अथेन्समध्येही तसंच: आधी जगाचा कर्ता, मग ग्रीक कवीची एक ओळ आणि अगदी शेवटी पुनरुत्थान.

म्हणजे पौलाची ठरावीक अशी एक पद्धत नव्हतीच. समोर कोण बसलंय ते बघून तो आरंभ बदलायचा. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. अथेन्समध्ये हसू झालं ते निर्मितीच्या बोलण्यावर नव्हे, मेलेल्यांच्या उठण्यावर. निर्मितीपासून सुरुवात केल्याने सुवार्तेतला अवघड भाग सोपा होतो, अशी आशा कोणी धरू नये.

आता प्रत्यक्षातले तीन मुख्य पर्याय. येशूपासून सुरुवात करणारी पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. बिल ब्राइट यांच्या ‘चार आध्यात्मिक नियम’ या पुस्तिकेने ती जगभर नेली: देवाचं प्रेम, माणसाचं पाप, ख्रिस्त आणि तुमचा निर्णय. दहा मिनिटांत होते, नवख्यालाही जमते. धोका एवढाच की ज्याच्या मनात आधीच अनेक देव आहेत तो येशूलाही आनंदाने त्यांच्या रांगेत बसवतो, आणि सांगणाऱ्याला वाटतं काम झालं. ज्याला पवित्र देव ही कल्पनाच नाही, त्याला ‘पाप’ म्हणजे फार तर एखादी चूक वाटते.

दुसरी पद्धत उत्पत्तीची गोष्ट क्रमाने सांगत येशूपर्यंत येण्याची. ‘न्यू ट्राइब्स मिशन’ या मिशनरी संस्थेचे ट्रेव्हर मॅकिलवेन यांनी फिलिपाइन्समधल्या कामानंतर तिला शिस्तबद्ध रूप दिलं. तिथे मंडळीत येणाऱ्या अनेकांना सुवार्तेचा पाया कळलेलाच नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. पुढे पापुआ न्यू गिनीतल्या मोउक लोकांमध्ये हाच क्रम वापरला गेला. यात निर्मिती हा वादाचा मुद्दा नसतो, कथेचा पहिला अंक असतो. देव कोण, माणूस त्याला उत्तरदायी का, मरण कुठून आलं, हे ऐकलेल्याला वधस्तंभाचं कारण वेगळं समजवावं लागत नाही. तीन पद्धतींत मला हीच सर्वांत भक्कम वाटते, पण ती महागही तितकीच आहे. लोकांमध्ये राहायला हवं, त्यांची भाषा यायला हवी, आठवडेच्या आठवडे तेच ऐकणारे यायला हवेत. ‘निर्गम’ या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंत ऐकून जो उठून गेला त्याने ख्रिस्ताबद्दल काहीच ऐकलेलं नसतं.

तिसरी पद्धत वरून दुसरीसारखी दिसते, पण आहे निराळी. इथे आधी पृथ्वीचं वय आणि उत्क्रांतीचा प्रश्न निकालात काढायचा, मग सुवार्ता. 1961 साली व्हिटकम आणि मॉरिस यांच्या जलप्रलयावरच्या पुस्तकाने या विचाराला जोर दिला. केन हॅम यांच्या ‘आन्सर्स इन जेनेसिस’ने 2007 मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत निर्मितीचं संग्रहालय आणि 2016 मध्ये नोहाचं भलंमोठं तारू उभारलं. त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आदामामुळे आलेलं मरण आणि ख्रिस्तामुळे आलेलं जीवन समोरासमोर ठेवतो. मग आदामच झाला नसेल तर वधस्तंभ कशासाठी, हा त्यांचा सवाल आहे.

तरी प्रचारासाठी मी ही वाट निवडणार नाही. पृथ्वी सुमारे 4.5 अब्ज वर्षं जुनी आहे हे भूशास्त्र शिकलेल्याला साध्या अभ्यासातून ठाऊक असतं. ते आधी नाकार, असं म्हणताच तो येशूपर्यंत पोहोचतच नाही. ही भीती आजची नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर लिहिताना ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने बजावलं होतं: आकाश-ताऱ्यांबद्दल ख्रिस्ती माणूस भलतंच बोलला, तर ऐकणारे पुनरुत्थानाबद्दलच्या शास्त्रवचनांवर तरी कसा विश्वास ठेवतील? 2014 मध्ये हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांचा जाहीर वादविवाद झाला, अफाट लोकांनी पाहिला. पण चर्चा रंगली ती मुख्यतः खडक, बर्फाचे थर आणि प्राण्यांच्या जातींवर.

उलट टोकाला जनुकशास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स यांनी सुरू केलेली ‘बायोलॉगोस’ ही संस्था आहे. देव निर्माता आणि उत्क्रांती ही त्याची रीत, असं ती मांडते. विज्ञान शिकलेल्या श्रोत्याचा रस्ता याने मोकळा होतो. मात्र आदाम नेमका कोण, याचं एकमुखी उत्तर तिच्याकडे नाही, आणि तुमच्याच मंडळीतले काही जण अस्वस्थ होतील. त्यांच्याशी आधी घरात बोलून घ्या. श्रोत्यासमोर तो वाद निघाला तर निस्तरणं कठीण.

निवड करताना वेळ किती आहे ते नंतर बघा. आधी बघा समोरच्याला एकच निर्माणकर्ता देव मान्य आहे का. असेल, तर सरळ येशूकडे जा. नसेल आणि भेट पुन्हा होणार असेल, तर उत्पत्तीपासून क्रमाने सांगा. भेट एकदाच असेल, तर लुस्त्रात पौलाने केली तशी सुरुवात करा: निर्माता कोण ते दोन वाक्यांत, आणि मग थेट ख्रिस्त.

आणि समोरच्यानेच डायनासोर काढले तर टाळू नका. ख्रिस्ती लोकांमध्ये यावर एकमत नाही हे सांगा, तुमचं मत विचारलं तर तेही सांगा, आणि येशू कबरेतून उठला की नाही, या प्रश्नाकडे वळा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने सगळं पणाला लावलं आहे ते त्याच प्रश्नावर.